जास्तीची अठरा

आमची ही गेली तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत आणि माझ्याच घरी राहतात. गुडघा मोडला तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला आता अकरा वर्षं झाली. "आई, तुमचे चार दिवस संपायचं नाव घेत नाहीत," असं मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "पाचवा उजाडला की सांगा जावईबापू, लगेच निघते." आतून हिचं हसू ऐकू यायचं.

आता घरात आम्ही दोघंच. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला आहे, रविवारी फोन करतो. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली सासूबाईंची खाट आहे, आत ओटा आणि माझं अंथरूण. मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करतो. ही तिथंच कॉलर लावायची. तिच्या जागेवर आता दुसरी बाई बसते. ते मशीन अडलं की मलाच हाक मारतात, आणि मी जातो.

ती गेली ते थोडक्यात सांगतो. एका सकाळी छातीत जळजळतंय म्हणाली, म्हणून आम्ही आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. छातीचे ठोके कागदावर काढणारं यंत्र तिथं होतं. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं मी स्वतः पाहिलं. पण ते चालवणारा माणूस बदली होऊन गेला होता आणि त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. त्यांनी पित्ताची गोळी दिली आणि बरं नाही वाटलं तर मोठ्या हॉस्पिटलात जा, असं सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलात रांग होती. रांगेच्या बाकावर तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, डोळा लागला. आमचा नंबर आला तेव्हा मी तिला उठवायला गेलो.

सासूबाई रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या बायका दारातच कुजबुजायच्या, "म्हातारी बसलीय आणि पोरगी गेली. काय म्हणावं आता." सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण जे ऐकायला नको ते त्यांना बरोबर ऐकू येतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "खरंय त्यांचं. नंबर माझा होता." मी म्हणालो, "असं नंबरानं थोडंच असतं, आई." रोज सकाळी चहाआधी ही त्यांना रक्तदाबाची गोळी द्यायची. ते काम माझ्याकडे आलं होतं. मी गोळी द्यायचो आणि त्या मुकाट्यानं घ्यायच्या.

दोन-तीन महिने असे गेले. मग एक दिवस आरोग्य खात्याच्या मॅडम घरी आल्या. वयानं आमच्या मुलाएवढ्या असतील. खाटेच्या कडेला बसून त्या सासूबाईंच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, तुमचा सत्कार करायचाय."

"कशाचा? अजून मेले नाही त्याचा?"

मॅडमना हसावं की नाही ते कळेना. मी म्हणालो, "त्या असंच बोलतात. तुम्ही सांगा."

"आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान आता त्र्याहत्तर वर्षं झालंय," मॅडम म्हणाल्या. "माझी आजी जन्मली तेव्हा पन्नाससुद्धा नव्हतं. आयुर्मान वाढलं म्हणजे देशाची तब्येत सुधारली, आजी."

"कुणाची?"

"देशाची."

"त्याला काय झालं होतं?"

आता मात्र मॅडम मनापासून हसल्या. मग भिंतीवरच्या हिच्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी हसू आवरलं. कोण, केव्हा, किती वर्षांच्या, असं हळू आवाजात मला विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही नको म्हणालात तरी चालेल. मी दुसरं नाव देते."

मी नकोच म्हणणार होतो. ज्या दवाखान्यातून हिला परत पाठवलं, त्याच दवाखान्याच्या अंगणात कार्यक्रम होता. पण सासूबाई म्हणाल्या, "येते मी. मला एक विचारायचंय."

"काय विचारायचंय, आई?"

"तिथं विचारीन. तुम्हाला कुठं माहीत असणार."

कार्यक्रमाला मोठा फलक लावला होता. त्यावर त्र्याहत्तरचा आकडा माणसाच्या उंचीएवढा काढला होता. खुर्च्यांवर आमच्या भागातली सात-आठ म्हातारी माणसं बसवली होती. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन होते, दात एकही नाही. दीर्घायुष्याचं रहस्य काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बायको बोलली की हो म्हणायचं." सगळे हसले. त्यांची बायको मागून त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी करत होती. मी दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे दवाखान्याची खिडकी होती आणि तिच्यातून ते यंत्र दिसत होतं. कव्हर तसंच होतं, फक्त वर कुणीतरी फुलांच्या दोन टोपल्या ठेवल्या होत्या.

सासूबाईंना एक थर्मास दिला आणि पुढ्यात माईक धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी पकडला आणि विचारलं, "हे त्र्याहत्तर कुठून काढलं?"

लोक परत हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या खाली वाकून नीट सांगू लागल्या. "सोपं करून सांगते, आजी. कुणी नव्वद जगतं, कुणी पन्नास. कुणाची बाळं लहानपणीच जातात. सगळ्यांची वर्षं एकत्र करायची आणि ती सगळ्यांना सारखी दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतील, ते बघायचं. तो हा आकडा."

"म्हणजे एका भांड्यात काढायची आणि सारखी वाढायची."

"हो, तसंच समजा."

"पण वाढली जात नाहीत सारखी."

"नाही ना. कुणाला जास्त मिळतात, कुणाला कमी."

"कळलं," सासूबाई म्हणाल्या आणि माईक परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंनी तिशीपासून साठीपर्यंत कामगारांच्या खानावळीत वाढपी म्हणून काम केलं. स्वयंपाक दुसरं कुणी करायचं, पंगतीला वाढायचं काम यांचं. झाकण उघडायच्या आधी डोकी मोजायची, भांड्यात वाकून पाहायचं आणि डाव किती भरायचा ते ठरवायचं. कुणी दांडगा माणूस गुरकावून दुसऱ्यांदा भात घेऊन गेला तर शेवटच्या माणसाचं ताट रिकामं राहणार, हे त्यांना त्याच क्षणी कळायचं. तिथला एक नियम त्या अजून सांगतात. वाढपी सगळ्यांच्या मागून जेवतो, आणि कुणाला कमी पडलं तर वाढप्यानं आपलं ताट पुढं करायचं. त्यांच्या या नियमानं हिचं लहानपण गेलं. आई घरी आल्यावर ही डबा उघडून बघायची, उरलंय की नाही. बऱ्याचदा उरलेलं नसायचं. हे ही मला हसत हसत सांगायची.

कार्यक्रमावरून परत येताना रिक्षात सासूबाई थर्मास मांडीवर उभा धरून बसल्या होत्या. संध्याकाळी मी त्यांना जेवायला वाढलं. त्यांनी ताटातला भात बोटांनी मधोमध विभागला, एक भाग आपल्याकडे ओढला, दुसरा कडेला सारला. मग त्या दोन ढिगांकडे बघत राहिल्या.

"भात थंड होतोय, आई."

"माझी एक्क्याण्णव. बबीची पंचावन्न." हिला त्या बबी म्हणायच्या. "माझ्या ताटातली अठरा काढून तिच्या ताटात टाकली तर दोघींची सारखी होतात."

मला गणित पटकन येत नाही. मी मनात करून पाहिलं. एक्क्याण्णवातून अठरा गेली. पंचावन्नात अठरा मिळवली. दोन्हीकडे त्र्याहत्तर आली. सकाळी फलकावर होता तोच आकडा.

"बरोबर ना?" त्या म्हणाल्या.

"बेरीज बरोबर आहे. पण त्याचा असा अर्थ होत नाही."

"मग कसा होतो?"

मी म्हणालो, "तुम्ही काही कुणाचं घेतलं नाही."

"मी कुठं म्हणते मी घेतलं? माझ्या ताटात पडलं. मी वर बघितलं नाही. जेवत राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन गेलो. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी म्हणालो, "आई, उघडा." त्यांनी मान हलवली. रागानं नाही, पोट भरलेला माणूस वाढप्याला ताटावर हात आडवा धरतो, तशी.

त्या दिवसापासून त्यांनी गोळी सोडली. जेवण चार घासांवर आलं. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. रविवारी मुलाचा फोन आला तो त्यांच्या कानाशी धरला. तो म्हणाला, "आजी, गोळी घे, नाहीतर मी बोलणार नाही तुझ्याशी." त्या म्हणाल्या, "तसाही आठवड्यातून एकदाच बोलतोस बाळा." फोन माझ्या हातात आला तेव्हा तो विचारत होता, "बाबा, मी येऊ का?" मी नको म्हणालो. येऊन तो तरी काय करणार होता? एकदा मी गोळी कुटून भातात कालवली. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची ताटं सांभाळली तिला फसवायला निघालो होतो. पहिल्या घासालाच त्यांनी हात थांबवला आणि पुढचे दोन दिवस माझ्या हातचं काही खाल्लं नाही.

दवाखान्यातल्या सिस्टर दर आठवड्याला येऊन रक्तदाब बघतात. त्यांनी पट्टा सोडला आणि मला दाराबाहेर नेलं. "काका, हे चांगलं नाही. एखाद्या दिवशी डोक्यातली नस फुटेल. गोळी बंद करून चालणारच नाही."

"मी बंद केलेली नाही."

"मग जबाबदारी कोणाची?" असं म्हणाल्या आणि माझं तोंड बघून गप्प झाल्या.

शेवटी मी कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढली आणि आरोग्य खात्याच्या ऑफिसात मॅडमना शोधत गेलो. त्या ओळखतील असं वाटलं नव्हतं, पण ओळखलं. सगळं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. "मी किती सोपं करून सांगितलं," त्या म्हणाल्या. "नको होतं तसं सांगायला." त्या दिवशीच त्या माझ्याबरोबर घरी आल्या. तसं कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्या खाटेवर बसल्या आणि सासूबाईंचा हात हातात घेतला. "आजी, मी चुकीचं सांगितलं. भांडं वगैरे काही नसतं. तुम्ही जास्त जगलात म्हणून कुणी कमी जगत नाही. आणि तुम्ही उद्या गेलात तरी तुमची वर्षं कुणाला मिळत नाहीत. सरासरी म्हणजे नुसतं माप आहे. वाटप नाही."

सासूबाईंनी नीट ऐकलं. मग विचारलं, "मग वाटप कोण करतं?"

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या, जणू मला माहीत असेल. मला फुलांच्या टोपल्यांखालचं ते यंत्र आठवलं. मी म्हणालो, "आई, बबीला कमी पडलं ते तुमच्यामुळं नाही. दवाखान्यात यंत्र होतं. चालवणारा नव्हता. वाढपीच जागेवर नव्हता, असं समजा."

मला वाटलं, हे तरी पटेल. हे त्यांच्या भाषेतलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "वाढपी नसला ना जावईबापू, तरी भांड्यात असलं तर भुकेला माणूस हातानं घेतो. भांड्यात नव्हतंच. तळाशी घासत होती पोरगी." मग मॅडमच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "तू रडू नकोस. तुझं काही चुकलं नाही. तू नीट समजावून सांगितलंस."

जाताना मॅडम दारात थांबल्या. त्या यंत्रासाठी माणूस मागितलाय, पाठपुरावा करते म्हणाल्या. मी बरं म्हणालो.

त्यानंतर एका दुपारी मी सासूबाईंच्या खाटेशी बसलो. सुटीचा दिवस होता. मी थकलो होतो आणि खरं तेच बोलायचं ठरवलं. "आई, गोळी सोडून तुम्हाला काय मिळणार? ही तर गेली. तुम्ही ताट पुढं केलं तरी घेणारं कोण आहे?"

"तुम्ही आहात की."

मला आधी कळलंच नाही.

"तुम्ही किती वर्षांचे?"

"एकोणसाठ."

"बघा. अजून कितीतरी उरलंय तुमचं. माझं राहिलंय ते तुम्हाला होईल. बबीला देता आलं नाही, तिच्या नवऱ्याला तरी."

"मला नकोत," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. "मला एक दिवससुद्धा जास्तीचा नको. मी काय करू त्या वर्षांचं? कुणासाठी?"

"नको म्हणणारा लाजत असतो. त्याला आधी वाढायचं."

"मी लाजत नाहीये, आई."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "रोज रात्रीचं जेवण टाकता तुम्ही. तुम्हाला वाटतं का, मला दिसत नाही? भांडं घासताना आवाज येतो. रिकाम्या भांड्याचा आणि भरलेल्याचा आवाज मला कळतो." मग त्या म्हणाल्या, "बबी मला काय म्हणेल? माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवलंस?"

मी उठून आत गेलो. ओट्याशी उभा राहिलो. बराच वेळ नळ सोडून ठेवला.

परत आलो तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गोळी आणा."

मी घाईघाईनं गोळी आणि पाणी आणलं. त्यांनी गोळी हातात घेतली. तिच्यावर मधोमध एक बारीक खाच असते. त्यांनी दोन्ही अंगठ्यांची नखं त्या खाचेत रोवली आणि गोळी मोडली. एक तुकडा स्वतःच्या तळहातावर ठेवला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"ही तुमच्यासाठी नाही, आई. मला रक्तदाब नाही."

"तुम्ही घेतलीत तर मी घेते."

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. त्या थांबल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. मी तुकडा उचलला आणि गिळला. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग आपला तुकडा जिभेवर ठेवला आणि पाण्याचा पेला माझ्या हातून घेतला. महिन्याभरात पहिल्यांदा.

तेव्हापासून आमचं असं चाललंय. सिस्टरना सांगितलं तर त्या आधी हसल्या, मग चिडल्या. "अहो काका, तुम्हाला चक्कर येईल. आणि अर्ध्या गोळीनं त्यांचं भागत नाही." मग त्यांनीच युक्ती सांगितली, दोन गोळ्या पुढं करा, म्हणजे एक अख्खी त्यांच्या पोटात जाईल. मी केल्या. सासूबाईंनी दोन्ही गोळ्या परत माझ्या हातावर ठेवल्या. "घरात एक गोळी यायची. आज दोन कुठून आल्या?" आणि पुढचे तीन दिवस तोंड मिटून घेतलं. दुप्पट ताकदीची गोळीही आणून पाहिली, ती रंगानं वेगळी निघाली. "ही माझी नाही," म्हणाल्या. शेवटी जुनी, एकच गोळी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती मोडली.

जेवणाचंही तेच. माझं ताट त्यांच्या खाटेशी आणावं लागतं. मी घास घेतला की त्या घेतात. मी थांबलो की त्या थांबतात. मला भूक नसते. तरी मी गिळतो, कारण समोर एक्क्याण्णव वर्षांची बाई माझ्या हाताकडे बघत असते.

परवा सिस्टर येऊन गेल्या. रक्तदाब वाढलेलाच आहे, मागच्या आठवड्यापेक्षा थोडा जास्त. "अर्ध्यानं भागत नाही, काका," त्या परत म्हणाल्या. मी म्हणालो, "मला माहीत आहे." यंत्र चालवायला माणूस आला का, असं विचारलं. अजून नाही म्हणाल्या. फलक मात्र अंगणात तसाच आहे. उन्हानं आकडा थोडा फिका पडलाय.

काल कारखान्यात मशीनखालून पट्टा बसवून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. हिच्याच मशीनला धरून उभा राहिलो. त्या जागेवरची बाई म्हणाली, "काका, बसा, पाणी आणते. काही खाल्लंय का सकाळपासून?" खाल्लंय म्हणालो. ते खरंच होतं.

आज सकाळीही मी गोळी घेऊन गेलो. त्यांनी नखं रोवली आणि मोडली. खाचेवर नीट मोडली नाही, एक तुकडा मोठा झाला. मी तो त्यांच्याकडे सरकवायला हात पुढं केला. त्यांनी माझं मनगट धरलं, मूठ उघडली आणि मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या," म्हणाल्या, आणि माझ्या गळ्याकडे बघत बसल्या.